सुटे भाग

१ ऑक्टोबर २०२५ ला खंडेनवमी होती. आमच्या डोंबिवलीच्या घरी त्या दिवशी आईची कात्री आणि शिवणयंत्र, बाबांची पकड-हातोडी, स्वयंपाकघरातली विळी आणि गेली वीसेक वर्षं कॉम्प्युटर, असं सगळं पूजेला असतं. कॉम्प्युटर पाटावर मावत नाही, म्हणून पाटच त्याच्यासमोर जातो. पूजेआधी आतून साफ करावा म्हणून मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, तर तळाशी तांदळाचे दाणे. कुंकवाचा रंग उडालेल्या अक्षता. वरच्या जाळीतून दरवर्षी दोन-चार आत गेलेल्या. वेचून तळहातावर घेतल्या, एकवीस भरल्या. त्यांतली एक प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती आणि चौकट यांच्या फटीत अडकली होती. गेले काही महिने सुरू होताना तो टरटरायचा, ते तिच्यामुळे.

हा कॉम्प्युटर माझ्या भावाच्या ऑफिसने २०१९ मध्ये जुना म्हणून काढून टाकला, तेव्हा आमच्याकडे आला. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे २०१३-१४ चा माल. त्या नवमीनंतर तेराच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपणार होता. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. दोन्ही आमच्याकडे नव्हतं. यंत्र मात्र ठणठणीत होतं. भावाने विचारलं, ‘ताई, देऊन टाकू का गं भंगारात?’ मी नको म्हटलं. उघडलेल्या कॅबिनेटमध्ये बघताना मला दिसत होतं की यातला प्रत्येक भाग वेगळा निघतो. निघतो म्हणजे बदलता येतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राबद्दल आज असं म्हणता येईल? फ्रिजचा कॉम्प्रेसर एका कंपनीचा, दार दुसऱ्या कंपनीचं आणि थर्मोस्टॅट तिसऱ्याचा, असं आपण स्वतः निवडून घरी जुळवत नाही. कॉम्प्युटर जुळवतो. आमच्या भागात त्याला ‘असेंबल केलेला’ म्हणतात.

मी उघडा कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो २००३ मध्ये, एमएस-सीआयटीच्या वर्गात. आम्हाला शिकवत होते माऊस, फोल्डर आणि पत्राचा मसुदा. एक दिवस दुरुस्तीवाला दादा आला. बारापैकी तीन मशीनवर ‘डिस्प्ले येत नव्हता’. त्याने पत्रा काढला, रॅमची पट्टी उपटली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीकडे खोडरबर मागितलं. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ती त्याने वहीवरची चूक पुसावी तशी दोन्ही बाजूंनी घासली, फुंकर मारली, पट्टी परत खटकन बसवली. पडदा उजळला. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायला लागलो.

त्या खोडरबरामागचं कारण मला खूप उशिरा कळलं. त्या दातांवर खरंच सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. पण मुलामा अतिशय पातळ. त्यावर हाताचा घाम, स्वयंपाकाच्या फोडणीचा चिकट थर, कोकणातली दमट हवा यांचा पापुद्रा बसतो आणि संपर्क तुटतो. खोडरबर तो पापुद्रा काढतं, आणि पट्टी काढून परत बसवण्यानेच निम्मं काम होतं. मात्र रबरातली खर सोनंही खरवडते. म्हणून आता मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरते. तरी एखादी पट्टी अडूनच बसली तर खोडरबर मऊ, पांढरं, आणि हात हलका. हे मी मुंबईत कॉम्प्युटरच्या भागांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर शिकले.

लॅमिंग्टन रोडला आमच्याकडून जायचं म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडायचा, पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. त्याचं नाव पाटीवरून गेलं, तोंडातून गेलं नाही. याच रस्त्यावर नाझ सिनेमाच्या इमारतीत हिंदी चित्रपटांच्या वितरकांची ऑफिसं होती. आज इथे दुकानांची दारं जेमतेम दोन माणसांच्या रुंदीची आहेत, वर पोटमाळे, आणि काउंटरवर काचेखाली केबल, कन्व्हर्टर, पंखे. खरा माल मागे असतो.

नोव्हेंबरमध्ये मी तिथे डीडीआर-थ्री रॅमच्या पट्ट्या घ्यायला गेले. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, ‘नवीन की पुल-आउट?’ पुल-आउट म्हणजे चालू मशीनमधून काढलेला भाग. नव्या डीडीआर-थ्रीपेक्षा एखाद्या ऑफिसच्या टॉवरमधून निघालेली नामांकित कारखान्याची पट्टी कितीतरी भरवशाची, असं काकांचं मत. माझंही आता तेच आहे. काकांच्या बाजूला लाकडी फळीवर एक मदरबोर्ड नुसताच आडवा पडला होता, कॅबिनेटशिवाय. त्यांनी माझ्या पट्ट्या त्यात बसवल्या, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन बारीक पिना क्षणभर जोडल्या आणि बोर्ड सुरू झाला. पुढच्या बटणाचं सगळं काम एवढंच: दोन पिना क्षणभर जोडणं. मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून त्यांनी मला चहा पाजला. सबंध फेरी पूर्ण झाल्याशिवाय पट्टी हातात दिली नाही.

त्या चहावर काका १९९८ बद्दल बोलले. त्या वर्षी इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. तो बोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचाराने गुणून ३०० वर चालायचा. साडेचार हा आकडा आत कुलूपबंद होता, पण बोर्डाचा ठोका बदलता येत होता. तो १०० केला की ४५०. यातले पुष्कळ प्रोसेसर ४५० वर दिवसेंदिवस बिनतक्रार चालत, आणि किंमत महागड्या पेंटियमच्या काही हिश्श्याएवढीच. ‘गिऱ्हाईक यायचं ते ३००ए मागायचं नाही,’ काका म्हणाले, ‘साडेचारशे होणारा ३००ए द्या म्हणायचं.’ दोन-तीन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर मुलांनी पेन्सिल चालवली. त्या प्रोसेसरच्या पाठीवर एल-वन नावाचे बारीक पूल होते. ते तुटलेले असले की गुणक कुलूपबंद, जुळलेले असले की मोकळा. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. तुटक्या पुलांवर नीट रेघ ओढली की गुणक हातात. नको असेल तर खोडरबराने पुसायची. कंपासपेटीतल्या दोन वस्तूंनी त्या काळात किती मुलं प्रोसेसरच्या आत शिरली असतील, याचा विचार करताना मला अजूनही उचंबळून येतं.

हे सगळं का शक्य झालं, त्याचं उत्तर माझ्याकडच्या स्क्रूच्या डबीत आहे. त्यात दोन जातींचे स्क्रू आहेत. डोकं सारखं, जाडी जवळपास सारखी. एकाला सिक्स-थर्टीटू म्हणतात: एका इंचात ३२ आटे. दुसरा एम-थ्री: आटे निम्म्या मिलिमीटरच्या अंतरावर, म्हणजे इंचात पन्नासेक. जाड आट्याचा कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) आणि मोठ्या हार्ड डिस्कला. बारीक आट्याचा एसएसडी आणि सीडी ड्राइव्हला. चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला तर पहिले दोन फेरे जातो आणि मग भोक कायमचं बिघडवतो. इंच आणि मिलिमीटर एकाच पेटीत शेजारी राहतात, कारण ही पेटी कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. घाई होती म्हणून त्यांनी बाहेरचे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. आणि इतरांनी जोडकार्डं बनवावीत म्हणून विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तिकेत मंडलाचे आराखडे छापले, बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, मजकूरसुद्धा छापला. स्वामित्व बायोसवर होतं. कॉम्पॅकने तो मजकूर न चोरता, त्याचं वागणं तेवढं समजून घेऊन नवा बायोस लिहिला आणि १९८३ पासून तसंच चालणारं यंत्र विकलं. त्यानंतर दार बंद करणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: बोर्डाची भोकं कुठे, मागची जाळी किती, वीजपुरवठ्याची पेटी केवढी. आज तैवानमधला कारखाना बोर्ड बनवतो, चीनमधला पत्र्याचा डबा, आणि ते दोघे एकमेकांना कधीही न भेटता माझ्या डोंबिवलीच्या टेबलावर भोकाला भोक जुळतं. मला हे फार मोठं माणुसकीचं काम वाटतं.

म्हणूनच माझ्या टॉवरमध्ये जे सापडलं त्याचा राग आला. जुना एसएमपीएस बदलायला घेतला, तर बोर्डावरचा वीज घेणारा सॉकेट नेहमीच्या २४ पिनांचा नाहीच. एका बड्या कंपनीचा हा डबा. तिने स्वतःचा वेगळा सॉकेट आणि पेटीचा वेगळा आकार वापरलाय. तांब्याच्या तारा त्याच, फक्त साधा बाजारातला भाग बसू नये एवढी व्यवस्था. मला जोडकेबल मागवावी लागली आणि नवी पेटी पट्टीने बांधून बसवावी लागली. असा टॉवर भंगारात जातो तो पुष्कळदा या एका सॉकेटपायी.

एसएमपीएस हाताळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आई कित्येक वर्षं म्हणायची, ‘याला हात लावला की मुंग्या येतात गं.’ आम्ही लक्ष दिलं नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर तो गोंगाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोहोंच्या मधोमध लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह इतका क्षीण की फक्त झिणझिणी येते, पण ती झिणझिणी घराबद्दल सांगत असते. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनेची तार भिंतीत कुठेच जोडलेली नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, अर्थिंग करून घेतलं. फ्रिज आणि गीझरही त्याच तारेवर होते.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावताना बोर्डाचा सॉकेट मी जवळून पाहिला. इंटेलच्या या पिढीत ११५० टोकं आहेत आणि ती प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत, स्प्रिंगसारखी वाकलेली, केसासारखी. त्यांतलं एक वाकलं तरी संपलं. कल्याणला एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक ताई अशी टोकं सरळ करून देतात. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलेला, आधी मोबाइल दुरुस्ती, आता बोर्ड. मी एक पूर्ण दुपार त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. मायक्रोस्कोपखाली त्या टोकांची शेतातल्या सरींसारखी रांग दिसते, आणि वाकलेलं टोक वाऱ्याने पडलेल्या ताटासारखं. ताई शिवणाची सुई लाकडी मुठीत बसवून वापरतात. ‘उचलायचं नाही, ढकलायचं,’ त्या म्हणाल्या. ‘एकदाच. दुसऱ्यांदा वाकवलं की तुटतं.’

एएमडीचे एएम-फोर प्रोसेसर उलट. त्यांच्या पोटाला १,३३१ पिना. घाईने कूलर ओढला तर वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. ताईंचा इलाज: काढण्याआधी मशीन अर्धा तास जड कामाला लावायचं, पेस्ट गरम होऊन मऊ होते, मग कूलर ओढायचा नाही, पिळायचा. आणि वाकलेल्या पिनांना शिसं भरायच्या पेन्सिलची रिकामी धातूची नळी. ती पिनेवर टोपीसारखी बसते आणि हलकेच उभी करते. २०२२ मध्ये एएमडीनेही एएम-फाइव्हला पिना सॉकेटमध्ये नेल्या, १,७१८. ताईंचं मत असं की त्यामुळे आता महाग प्रोसेसर वाचतो आणि बोर्ड मरतो, पण बोर्ड दुरुस्त होतो.

उष्णतेबद्दल मला शिकवलं ते अकोल्याच्या एका मुलाने. अभियांत्रिकीला आहे, ब्लेंडर नावाच्या प्रोग्राममध्ये चित्रफिती बनवतो, आणि त्याच्याकडेही चौथ्याच पिढीचा प्रोसेसर आहे, आय-सेव्हन. प्रोसेसर किती तापतो हे सांगताना आकडा खोलीच्या वरचा सांगावा, हे त्याचं पहिलं वाक्य. पुण्यात जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहतो, तो खोलीपेक्षा ५० ने वर आहे. तोच अकोल्यात मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ९५ वर जाईल, आणि शंभरीच्या आसपास तो जीव वाचवायला स्वतःच संथ होतो. थंड खोलीत तपासून लिहिलेले आकडे वऱ्हाडात उपयोगाचे नाहीत.

त्याचा उपाय दुहेरी होता. प्रोसेसरच्या धातूच्या टोपणाखाली खरी चिप असते. २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीपासून इंटेलने आपल्या घरगुती प्रोसेसरांत चिप आणि टोपण यांच्यामधला धातूचा झाळ काढून पेस्ट घातली. काही वर्षांनी ती वाळून खडू होते. या मुलाने टोपण काढलं, आणि खाली पेस्टऐवजी गॅलियम, इंडियम व कथील यांचा द्रवरूप मिश्रधातू लावला. तो उष्णता झपाट्याने नेतो, पण वीजही नेतो. चौथ्या पिढीत चिपला खेटून काही उघडे भाग असतात, तिथे थेंब गेला तर प्रोसेसर संपला. म्हणून त्याने त्यांच्यावर बहिणीचं बिनरंगी नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं, मग मिश्रधातू. अ‍ॅल्युमिनियमला हा थेंब लागू द्यायचा नाही. गॅलियम त्याच्या आत शिरतं आणि धातू बिस्किटासारखा भुगा होतो. टोपण मात्र निकेल चढवलेल्या तांब्याचं, त्याला चालतं.

दुसरा उपाय फुकट आहे आणि प्रत्येकाने करावा असा आहे. प्रोसेसरचा वीजवापर ठोक्याच्या प्रमाणात वाढतो, पण विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. दाब दहा टक्क्यांनी उतरवला तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. ठोका तोच ठेवून वीजवापर एकोणीस टक्क्यांनी कमी. कारखाना दाब थोडा जास्तच ठेवतो, कारण त्याला सर्वांत दुबळी चिपही चालवायची असते. तुमची चिप दुबळी नसेल तर तो जादाचा दाब म्हणजे नुसता ताप. हा मुलगा बायोसमध्ये दाब एक-एक पायरी उतरवत गेला, प्रत्येक पायरीला रात्रभर ओझं टाकून पाहिलं, जिथे मशीन कोसळलं तिथून दोन पायऱ्या वर आला. सहा रात्री लागल्या. माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये ती सोयच नाही, ऑफिसचा टॉवर ना. मी नवी पेस्ट आणि मोठा पंखा यांवर भागवलं.

डिसेंबरात मी परत लॅमिंग्टन रोडला गेले, तेव्हा काकांच्या दुकानात डीडीआर-फाइव्हचा भाव ऐकून एक मुलगा गप्प उभा होता. वर्षअखेरीस मेमरीचे भाव भडकले होते; एआयच्या डेटा सेंटरांकडे चिपा वळल्या होत्या. त्याच महिन्यात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्यासारख्यांच्या कपाटात क्रूशियलची एक तरी पट्टी असतेच.

भाववाढीपेक्षाही मला काळजी वाटते ती झाळाची. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता बोर्डालाच झाळलेली येते. २०२० मध्ये अ‍ॅपलच्या एम-वनने ती प्रोसेसरच्या शेजारी एकाच तळावर बसवली. याला निव्वळ हाव म्हणणं चूक ठरेल. कमी दाबावर वेगाने धावणाऱ्या मेमरीला तारेचा प्रत्येक मिलिमीटर जड जातो. सॉकेटच्या वळशातून संकेत विस्कटतो. जवळ आणली की बॅटरी वाचते. पण मग आठ जीबी घेणारा विद्यार्थी आयुष्यभर आठ जीबीवरच राहतो, आणि एक चिप मेली की अख्खा बोर्ड जातो. वाट नाही असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची मापं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने कॅम-टू नावाचं माप जाहीर केलं. त्यात मेमरी बोर्डावर सपाट बसते, स्क्रूने आवळते, वेगही राखते. स्क्रूने आवळते, म्हणजे स्क्रूने सुटते. हे माप सगळ्यांनी घ्यावं, आणि आपल्या सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं तसं पुढे जाऊन लॅपटॉप विकताना ‘मेमरी निघते की नाही’ हे डब्यावर छापणं सक्तीचं करावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या टॉवरमध्ये आता १६ जीबी रॅम आहे, हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी, आणि विंडोजच्या जागी लिनक्स. आई त्यावर मराठी टाइप करते आणि भजनं ऐकते. गणपतीच्या आधी मी दोन नवे पंखे बसवले, एक पुढे, एक मागे. पंख्यांची तोंडं बरोबर आहेत का, हवा पुढून आत आणि मागून बाहेर जाते का, हे हाताला नीट कळेना. आई म्हणाली, ‘थांब,’ आणि देवघरातून उदबत्ती पेटवून आणली. पुढच्या जाळीपाशी धरली. धुराची रेघ क्षणभर सरळ उभी राहिली, मग वाकली आणि जाळीतून आत गेली. आम्ही दोघी टेबलाला वळसा घालून मागे गेलो. मागच्या पंख्यातून वास आला.

आईने वरच्या जाळीवर बोट ठेवून विचारलं, ‘आणि इथून?’ इथूनही थोडी बाहेर जाते, म्हटलं. तिने जाळीची भोकं बोटाने चाचपली. ‘मग या नवमीला अक्षता पाटावरच वाहते,’ ती म्हणाली, आणि उदबत्ती परत देवघरात घेऊन गेली.